अर्धा गुण विकत घ्यावा का? ‘बाय पॉइंट्स’ सोयीचा हिशेबी रिव्ह्यू

‘बाय पॉइंट्स’ म्हणजे अमेरिकेतल्या खेळांवरच्या सट्ट्याच्या अ‍ॅपवर जादा किंमत मोजून पैजेची रेषा अर्ध्या गुणाने आपल्या बाजूला सरकवून घ्यायची सोय. रेटिंग: पाचपैकी दोन. तेही ३ या एका आकड्याच्या जोरावर. तो नसता तर एकावरच भागलं असतं.

हा रिव्ह्यू कुणासाठी ते आधी सांगतो. वालचंदमधून नाहीतर कराड-साताऱ्याच्या कॉलेजांतून शिकून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायोत नोकरीला लागलेली आपल्याकडची बरीच पोरं आहेत. खेळांवरच्या सट्ट्याला असलेली केंद्रीय बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द केली आणि मग एकेका राज्याने परवाने द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये ते अजून बेकायदाच आहे. सांगलीत, मिरजेत बसून तर हा उद्योग करायचाच नाही. आपल्याकडे १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे बँक व्यवहार बंद केलेत. पोराच्या खात्यावर इथून यासाठी पैसे पाठवू असं कुणा वडिलांच्या डोक्यात असेल तर तेही काढून टाका, ‘फेमा’ हा परकीय चलनाचा कायदा आडवा येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी’ वाटत फिरणाऱ्यांकडे हे स्प्रेडचं, म्हणजे किती गुणांच्या फरकाने जिंकणार यावरच्या पैजेचं, प्रकरण नसतंच, तिथे सगळा कारभार लावण्या-खाण्याचा, म्हणजे संघ जिंकेल की हरेल एवढ्यावरचा.

आता मूळ सोय. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, सामन्यात ‘अ’ संघ उणे ३ वर फेव्हरिट (जिंकेल असा अंदाज असलेला) आहे, भाव उणे ११०. म्हणजे १०० डॉलर जिंकायला ११० लावायचे. ‘अ’ ४ किंवा जास्त गुणांनी जिंकला तर पैज जिंकली, बरोबर ३ ने जिंकला तर पुश, म्हणजे पैसे परत, त्याखाली सगळं गेलं. ‘बाय पॉइंट्स’ म्हणजे ही रेषा अर्ध्या गुणाने आपल्या बाजूला सरकवून घ्यायची, उणे ३ ची उणे २.५ करायची आणि त्याबदली पडता भाव घ्यायचा: उणे १२०, १२५, १३०, जसं बुकी मागेल तसं. दर अर्ध्या गुणाला १० सेंट, म्हणजे उणे ११० चे उणे १२०, हा नेहमीचा दर. ३ च्या आसपास मात्र २० ते २५ सेंट, आणि काही बुकी तिथे विकतच नाहीत. का विकत नाहीत, यातच निम्मं उत्तर आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये फील्ड गोलला ३ गुण. टचडाउनला ६ आणि वरच्या किकचा (एक्स्ट्रा पॉइंट) १, मिळून ७. त्यामुळे जय-पराजयाचे फरक ठरावीक आकड्यांवर दाटी करतात. एनएफएलचे साधारण १५ टक्के सामने बरोबर ३ च्या फरकाने संपतात, दुसऱ्या नंबरला ७. पेट्रियट्सने २००२, २००४ आणि २००५ चे तिन्ही सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, ३ गुणांनीच जिंकले. चीफ्सनेही २०२३ ला ३८-३५ आणि २०२४ ला २५-२२, दोन्ही वेळा तोच फरक.

यातले फक्त ‘फेव्हरिट ३ ने जिंकला’ एवढेच सामने आपल्या कामाचे. रेषा ३ वर असताना असे सामने शंभरात ९-१० धरू. समजा १० पुश, ४५ जिंकलेल्या, ४५ हरलेल्या पैजा. उणे ३ ला उणे ११० ने शंभर वेळा लावलं तर ४५ वेळा १०० आले, ४५ वेळा ११० गेले. एकूण ४५० डॉलरचा तोटा. आता उणे २.५ घ्या. दहाही पुश जिंकण्यात जमा झाले, म्हणजे ५५ जिंकलेल्या, ४५ हरलेल्या. भाव उणे १२० असेल तर ५५०० आले, ५४०० गेले, चक्क १०० डॉलर वर. उणे १३० ला ३५० तोटा, म्हणजे न विकत घेण्यापेक्षा थोडा बरा. उणे १३५ ला तोटा ५७५, इथे अर्धा गुण अंगावर आला. पुश १० ऐवजी ९ धरले तर उणे १३० लाच दोन्ही पारडी जवळपास बरोबर येतात. म्हणून ३ वरून २.५ ला जाताना उणे १२५ पर्यंत घ्यावं, १३० ला विचार करावा, त्यापुढे स्लिप (अ‍ॅपवरची पैजेची चिठ्ठी) बंद करावी. साडेतीनवरून ३ ला येतानाही साधारण हीच मर्यादा, फक्त तिथे हरलेली पैज पुश होते.

हेच गणित ५ वर करून बघा. ५ चा फरक दुर्मीळ, त्यामुळे पुश २ धरू, बाकी ४९-४९. न घेता तोटा ४९०. उणे ४.५ उणे १२० ला घेतलं तर ५१०० आले, ५८८० गेले, तोटा ७८०. दहा सेंटचा दर वाचायला किरकोळ वाटतो, पण इथे त्या अर्ध्या गुणाची खरी किंमत चार सेंटच्या आसपास आहे. आपल्याकडे उसाच्या एफआरपीत १०.२५ च्या वर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला एकच दर असतो, २०२५-२६ ला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे. त्या सवयीने इथे अर्धा गुण म्हणजे अर्धा गुण असं धरलं की फसगत झालीच.

७ चं प्रकरण मधलं. पुश ६ असतील तर उणे १२० ला घेणं परवडतं, ५ असतील तर जेमतेम बरोबरी, आणि १२५ ला दोन्हीकडून तोटा. त्यात २०१५ पासून एक्स्ट्रा पॉइंटची किक ३३ यार्डांवर नेल्याने ती पूर्वीसारखी हमखास राहिली नाही, किकऐवजी दोन गुणांचे प्रयत्नही वाढले. जुन्या तक्त्यांवर विसंबून ७ ला जास्त भाव देऊ नये.

बास्केटबॉलमध्ये घेऊच नका. तिथे फरक पसरलेले असतात, कुठल्याही एका आकड्यावर दाटी नाही. पुश ४ धरले तरी १० सेंट देऊन तोटा ४८० चा ५६० होतो. हॉकी-बेसबॉलमध्ये दीडची रेषा असते, तिचं गणित वेगळं. कबड्डीचे शौकीन विचारतील म्हणून: प्रो कबड्डीत बरेच हंगाम ७ किंवा कमी फरकाने हरणाऱ्या संघाला एक गुण मिळायचा, त्यामुळे शेवटच्या मिनिटांत मागे पडलेला संघ फरक ७ च्या आत ठेवायला बघायचा. दाटी अशी नियमातूनच येते. नियम बघितल्याशिवाय कुठल्याच खेळात अर्धा गुण घेऊ नये.

बुकींना अर्ध्या गुणाची एवढी धास्ती का, याला १९७९ चा सुपर बोल साक्षीला आहे. काउबॉइजविरुद्ध स्टीलर्स साडेतीनवर फेव्हरिट होते, पैसा येत गेला तशी रेषा साडेचारवर सरकली, आणि निकाल लागला ३५-३१, फरक ४. आधी स्टीलर्सवर लावणारे जिंकले आणि नंतर काउबॉइजवर लावणारेही जिंकले. दोन्ही बाजूंना पैसे मोजावे लागले. तेव्हापासून रेषा हलवताना बुकी दहादा विचार करतो आणि आपल्याला हलवून देताना त्याची किंमत लावतो.

वापरायची पद्धत. काही अ‍ॅपवर बेट स्लिपमध्येच अर्धा गुण वाढवायचं बटण असतं, बहुतेक ठिकाणी मात्र सामना उघडून ‘ऑल्टरनेट स्प्रेड’ची यादी काढावी लागते. त्या यादीत एकेक पायरी खाली उतरताना भावातला फरक लिहून काढा: ३.५ वरून ३, मग ३ वरून २.५. एकदम दोन पायऱ्या घेतल्या की एकत्र किंमत दिसते आणि त्यातली महाग पायरी कुठली ते कळत नाही. ‘रिस्क’ आणि ‘टू विन’ हे दोन रकाने नीट बघा. रिस्क १०० वर ठेवून भाव ११० चा १३० झाला की जिंकण्याची रक्कम ९०.९१ वरून ७६.९२ वर येते. पुष्कळ जण इथे फक्त रेषा बघतात.

आणि विकत घेण्याआधी दुसरं अ‍ॅप उघडा. एकाकडे उणे ३ उणे ११० असताना दुसऱ्याकडे उणे २.५ उणे ११८ असं सरळ पडलेलं असतं, विकत न घेता. दोन-तीन परवानाधारक अ‍ॅपवर खाती ठेवण्याचा फायदा या सोयीच्या कितीतरी पुढे आहे. पाचपैकी तीन गुण इथेच कापले गेले. जे शेजारच्या दुकानात मूळ भावात मिळतं ते इथे जादा देऊन का घ्यायचं?

टाळायच्या जागा. सामना चालू असताना घेऊ नका, लाइव्ह भावात बुकीचा वाटा आधीच जास्त असतो. पार्ले (अनेक पैजा एकत्र बांधलेली एक पैज, त्यातली एकेक म्हणजे ‘पाय’) लावताना प्रत्येक पायात अर्धा गुण घातला तर प्रत्येक पायाची महागाई एकमेकींत गुणली जाते, आणि स्लिपवर फक्त शेवटचा आकडा दिसतो.

टीझर हा याचाच थोरला भाऊ. दोन संघांवर मिळून एक पैज, प्रत्येकाची रेषा ६ गुणांनी आपल्या बाजूला, भाव उणे १२०. बरोबरीत राहायलाही प्रत्येक पाय ७३.९ टक्के वेळा लागायला हवा. त्याला अर्थ येतो तो उणे ७.५ ते उणे ८.५ चा फेव्हरिट खाली आणताना, किंवा अधिक १.५ ते अधिक २.५ चा दुबळा संघ वर नेताना, कारण दोन्हीकडे ३ आणि ७ एकदमच ओलांडले जातात. उणे ५ चा अधिक १ करून शून्याभोवती गुण वाया घालवणारे टीझर मात्र अ‍ॅप हौसेने पुढे करतं. टीझरमध्ये एक पाय पुश झाला तर काही बुकी पूर्ण पैसे परत करतात, काही उरलेला पाय वेगळ्या भावाने चालवतात. नियमांच्या पानावर ‘टीझर’खाली ते लिहिलेलं असतं, पैसे लावण्याआधी वाचून घ्या.