आधी बोलायचं की आधी बघायचं?

परदेशातून आलेल्या मिशनऱ्यापुढे दोन वाटा असतात. पहिली सोपी. भाषा शिकायची, उपदेश तयारच असतो, त्याचं भाषांतर करून बोलायला लागायचं. वेळ वाचतो. पण ‘पाप’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात प्रारब्ध आणि मागचा जन्म उभा राहतो. शब्द पोचतो, म्हणणं वाटेतच राहतं.

दुसरी वाट मानववंशशास्त्राची. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनॉव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर, तिथल्या लोकांतच तंबू ठोकून राहिला, तसं राहायचं. आमच्या सातारा जिल्ह्यात माउलींची पालखी लोणंदहून फलटणला जाते. तिथे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, थोरला धाकट्याच्याही. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस समतेवर बोलताना इथल्यांना अडाणी समजणार नाही. मात्र यात वर्षं जातात, आणि वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात लिहायला काहीच नसतं!

ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांना हे शास्त्र शिकावं लागलं नाही. अभंग-कीर्तन त्यांच्या अंगातच होतं. १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली. बाहेरच्याला मात्र शिकावंच लागतं.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. पण बघणं हा नुसता पटवायचा डाव असेल, तर गाव ते पहिल्या चहालाच ओळखतं.