इलेक्ट्रिक ब्लँकेट, सात महिने वापरून: लिव्हरच्या आजारातल्या थंडीवर कितपत उपयोग?

घरातले सगळे पंखा वाढवतात तेव्हा मी मोजे शोधत असते. लिव्हर सिरोसिस होऊन चार वर्षं झाली (दारूला कधी शिवलेही नाही, सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो). पोटात पाणी, थकवा यांची कल्पना दिली होती. पण ही हाडात शिरून बसणारी थंडी वाट्याला येईल, असं कुणी बोललं नव्हतं. दोन स्वेटर, शाल, गरम पाण्याची पिशवी असं सगळं करून झाल्यावर लेकीने ब्लँकेट मागवलं. माझ्यासारखा आजार असलेल्यांनी ते घ्यावं का, एवढ्यापुरताच हा अनुभव. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाजारातली बहुतेक सारखीच दिसतात.

वस्तू अशी: एका माणसापुरतं, अंगावर घ्यायचं, मऊ कापडाचं. सहा पायऱ्यांचा कंट्रोलर आणि तीन तासांनी आपोआप बंद होण्याची सोय. लेबलवर 120 वॅट लिहिलंय, म्हणजे वीस मिनिटं लावलं तर 0.04 युनिट. विजेच्या बिलाची काळजी करू नका, काळजी करण्यासारखं पुढे बरंच आहे.

पहिला आठवडा स्वर्ग होता. संध्याकाळी चार नंबरवर लावायचं आणि मांजरासारखं गुरफटून पडायचं. गरम पाण्याची पिशवी एकाच जागी भाजते आणि तासाभरात गार होते. इथे पाठीपासून पावलांपर्यंत सारखी ऊब. कित्येक महिन्यांनी माझे खांदे सैल पडले.

दुसऱ्या आठवड्यात खाज सुरू झाली. पित्ताचा प्रवाह अडतो त्या लिव्हरच्या आजारात खाज असतेच, माझीही अधूनमधून असायची. पण ती उबेने चवताळते हे मला ठाऊक नव्हतं. रात्री तळपाय आणि तळहात इतके खाजायचे की ब्लँकेट भिरकावून द्यायचे, की लगेच थंडी वाजायची, की परत ओढून घ्यायचे. ‘आई, तू झोपतेस की कुस्ती खेळतेस?’ लेक म्हणाली. शेवटी एक नंबर आणि मध्ये सुती चादर, यावर तह झाला. ज्यांना खाजेचा त्रास जास्त आहे त्यांनी हे ब्लँकेट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या महिन्यात पोटऱ्यांवर तांबूस तपकिरी जाळी उमटली, मासे धरायच्या जाळ्यासारखी. दुखत नव्हती, चुरचुरतही नव्हती. मला वाटलं, लिव्हरचंच काहीतरी नवीन. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, ‘काही शेकताय का रोज?’ त्वचा भाजणार नाही इतकीच ऊब, पण तीच ती जागा, दिवसामागून दिवस, एवढ्याने ही जाळी येते. शेक थांबवला की बहुधा हळूहळू फिकी होते. माझी झाली, थोडी अजून आहे. ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे त्यांना धोका आणखी मोठा. 44 अंश सेल्सिअस हे आकड्यात फार वाटत नाही, पण तेवढी उष्णता सहा तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते, आणि बधिर पायाला ते कळत नाही.

याच भेटीत मी पहिल्यांदा धड विचारलं की मला थंडी वाजते तरी का. आधी विचारायची लाज वाटायची, एवढ्या मोठ्या आजारात थंडीचं काय घेऊन बसायचं म्हणून. कारण एक नव्हतं, गाठोडंच होतं. अंग स्वस्थ पडलेलं असतं तेव्हा जेवढी ऊर्जा जळते, तिच्यातला साधारण पाचवा भाग एकटं लिव्हर जाळतं. तीच भट्टी आजारी. उष्णता तयार करणारे स्नायू झिजलेले. माझे दंड बघून मलाच कसंतरी होतं. हिमोग्लोबिन 9.4. आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होऊ नये म्हणून चालू असलेल्या प्रोप्रॅनोलॉलने हातपाय गार पडतात. हे ऐकून गोळी बंद करायचा विचार माझ्याही मनात आला होता. करू नका. त्या शिरा फुटणं काय असतं ते मी एकदा पाहिलंय, त्यापेक्षा गार पाय परवडले. थायरॉईडही तपासून घेतलं, ते ठीक निघालं.

खरा फरक पडला तो मात्र खाण्याने, आणि हे ब्लँकेटच्या अनुभवात लिहिताना मला थोडं हसू येतंय. निरोगी लिव्हर रात्रीसाठी साखरेचा साठा बाळगून असतं. सिरोसिसमध्ये तो साठा तुटपुंजा, त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपोटी शरीराची जी अवस्था होते, ती धडधाकट माणसाची दोन-तीन दिवस उपाशी राहून होते. मग शरीर स्नायू मोडून खातं. मी संध्याकाळी लवकर जेवायची आणि पहाटे चारला काकडत उठायची. आहारतज्ज्ञांनी झोपण्याआधी आणखी एकदा खायला लावलं, निदान 50 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं. शिवाय दिवसभराची प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम. लिव्हरवाल्यांनी प्रथिनं टाळायची हे मी वर्षानुवर्षं पाळत आले होते, ते उलटं निघालं. दीड-दोन महिन्यांत पहाटेचं काकडणं निम्म्यावर आलं. ब्लँकेट तेव्हा कपाटात होतं.

आता पाचव्या महिन्यातली गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. एका दुपारी थंडी वाजायला लागली. नेहमीचीच, असं समजून ब्लँकेट काढलं. तीनवर, मग पाचवर, मग सहावर. तरी दात वाजत होते. हे शेजारी बसून पेपर वाचत होते, त्यांनाही काही वेगळं वाटलं नाही, कारण मी ब्लँकेटमध्ये हे घरातलं रोजचंच चित्र. लेक आली, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘आई, पलंग हलतोय.’ थर्मामीटर लावलं तर 38.6. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. सुईने पाणी काढून तपासलं, शिरेतून प्रतिजैविकं दिली, आठ दिवस दवाखान्यात काढले. दोन तास मी त्या ब्लँकेटखाली घालवले होते, आणि या संसर्गात दोन तासही थोडे नसतात.

तेव्हापासून मी दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवते. थंडी वाजणं म्हणजे अंग गार, पण स्थिर. हुडहुडी भरणं म्हणजे अंग आपल्या ताब्यात नाही, जबडा आपोआप आपटतोय. पहिलीवर ब्लँकेट चालतं. दुसरीवर तडक डॉक्टर, मग ताप दिसो वा न दिसो. आमच्यासारख्यांना संसर्गात कधी ताप येतच नाही, उलट पारा 36 च्या खाली उतरतो.

वस्तूबद्दल राहिलेलं. चौथ्या महिन्यात कंट्रोलरची पिन सैल झाली, लावली की चुर्रर्र आवाज. कंपनीने बदलून दिली, पण तीन आठवडे खेटे घालून. घडी घालू नका, आतली वायर मोडते. मी सैल गुंडाळून ठेवते. आपोआप बंद न होणारं ब्लँकेट फुकट मिळालं तरी घेऊ नका, कारण आमच्या आजारात कधी गुंगी आणि गोंधळ होतो आणि अशा वेळी बटण कुठे आहे हेही सुचत नाही. उबेतून एकदम उठलं की चक्कर येते, माझा रक्तदाब मुळातच 96/60.

सध्या मी ते झोपण्याआधी वीस मिनिटं रिकाम्या अंथरुणावर लावते, बंद करते, प्लग काढते आणि मग त्या उबेत शिरते. एवढ्या वापराला पाचात साडेतीन तारे. पुन्हा घ्यायचं झालं तर फक्त पावलांपुरतं लहानसं घेईन.

लेकीने कंट्रोलरच्या वायरला दोऱ्याने थर्मामीटर बांधून ठेवलंय. ते लावून बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही असा दम आहे. मी ऐकते. बहुतेक वेळा.