जुना सीडी प्लेअर आणि घरी बर्न केलेल्या सीडी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे ट्रे बाहेर येणारा एक जुना सीडी प्लेअर आहे, आवाजाला अजूनही उत्तम. त्याच्यासाठी यूएसबीवर चालणारा बाहेरचा सीडी रायटर घेतला आणि सोबत कोऱ्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडींचा, म्हणजे सीडी-आरचा, गठ्ठा. गेले काही महिने माझं बहुतेक गाणं ऐकणं याच तिघांच्या जिवावर चाललं आहे. निकाल आधीच सांगून टाकते: मी समाधानी आहे. नीट बर्न केलेली सीडी आणि विकत घेतलेली सीडी यांत माझ्या कानाला काहीही फरक जाणवत नाही. मूळ फाइल पूर्ण दर्जाची असेल तर तसा तो असायचं कारणही नाही, दोन्हीवर आकडे तेच असतात.

पण ‘नीट बर्न केलेली’ या तीन शब्दांपर्यंत पोचायला वेळ लागतो. सुरुवातीच्या बऱ्याच सीडी प्लेअरने घेतल्याच नाहीत, काही घेतल्या आणि मध्येच अडकल्या. म्हणून हा अनुभव मुख्यतः न वाजणाऱ्या सीडींबद्दल आहे. यावर जो सल्ला मिळतो तो नेहमी एकदम सगळा मिळतो: वेग कमी ठेवा, चांगल्या कंपनीची सीडी घ्या, लेन्स पुसा, सॉफ्टवेअर बदला. सगळं आपापल्या जागी बरोबर, पण आधी काय आणि नंतर काय हे कोणी सांगत नाही आणि माणूस उगाच सीड्या वाया घालवत बसतो. माझं आता ठाम मत आहे की सीडी आत गेल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत प्लेअर काय करतो ते नीट पाहिलं, की दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते बहुतेक वेळा कळतं.

त्या सेकंदांत होतं ते असं. ट्रे बंद होतो, लेन्स हलकेच वरखाली होऊन फोकस शोधते. फोकस मिळाला की सीडी वेग घेते. मग लेसर, सीडी आतून बाहेर वाचली जाते म्हणून, सगळ्यात आतल्या कडेची अनुक्रमणिका वाचतो. तांत्रिक भाषेत तिला टीओसी म्हणतात: किती गाणी, कुठलं कुठे सुरू होतं, एकूण वेळ किती. ती वाचून झाली की डिस्प्लेवर आकडे येतात आणि पहिलं गाणं लागतं. आता यातलं नेमकं काय झालं नाही, ते बघायचं.

सीडी फिरलीच नाही, किंवा जरा फिरून थांबली आणि ‘नो डिस्क’ आलं, तर प्लेअरला सीडी दिसलेलीच नाही. त्याच्या दृष्टीने ट्रे रिकामा आहे. अशा वेळी आधी सीडीवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘रीरायटेबल’ असं असेल तर शोध तिथेच संपला. कारखान्यात छापलेली सीडी तिच्यावर पडलेल्या लेसरचा साधारण ७० टक्के किंवा जास्त प्रकाश परत पाठवते, सीडी-आर जवळपास तेवढाच, पण रीरायटेबल, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. एवढ्या मंद प्रकाशावर काम करायची सोय जुन्या प्लेअरमध्ये नाही. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, आणि घरी लिहिता येणाऱ्या सीडीचं मानक ठरलं १९९० मध्ये. त्याआधीचे प्लेअर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त चकचकीत ॲल्युमिनियमची सीडी होती. दुसरी शक्यता म्हणजे हातात आलेली चकती कोरी डीव्हीडी असणं. आकार तोच, जाडी तीच, रंगही फसवा. पण डीव्हीडीचे माग, म्हणजे माहितीच्या गोल फिरणाऱ्या रेषा, एकमेकांपासून ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात आणि ते वाचायला ६५० नॅनोमीटरचा लेसर लागतो. सीडी प्लेअरचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि तो १.६ मायक्रोमीटरवरच्या मागांसाठी बनवलेला. तिथे कुठलीच सेटिंग कामाची नाही.

सीडी फिरते, लेन्स आत कुरकुर करत शोधत राहते आणि बऱ्याच वेळाने ‘एरर’ येतं, तर प्लेअरला सीडी दिसली आहे पण अनुक्रमणिका सापडत नाही. बहुधा सीडी बंद केलेली नाही, म्हणजे फायनलाइझ झालेली नाही. बंद करेपर्यंत गाण्यांचा हिशोब सीडीच्या अगदी आतल्या एका वेगळ्या पट्ट्यात तात्पुरता ठेवलेला असतो आणि तो फक्त रायटरला वाचता येतो. खरी अनुक्रमणिका सीडी बंद करताना लिहिली जाते. हा दोष सगळ्यात सुखाचा, कारण ती सीडी वाया गेलेली नसते. बहुतेक बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ‘फायनलाइझ’ किंवा ‘क्लोज डिस्क’ असा पर्याय असतो. तीच सीडी रायटरमध्ये परत घालून बंद करता येते आणि पुढच्या मिनिटाला प्लेअरमध्ये लावता येते.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. “पण कॉम्प्युटरवर तर वाजते!” हा पुरावा नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह बंद न केलेली सीडीही वाचतो, आरडब्ल्यूही वाचतो, हवी ती फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) समजून घेतो, आणि एखादी जागा वाचता आली नाही तर परत परत प्रयत्न करतो. साध्या प्लेअरला थांबायला वेळ नसतो; त्याला दर सेकंदाला पुढचे ७५ सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, हवेच असतात. त्यामुळे तपासायचं तर दुसऱ्या एखाद्या प्लेअरमध्येच लावून बघा.

आता सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार. सीडी फिरते, डिस्प्लेवर एकच गाणं दिसतं आणि पुढे नुसती शांतता. किंवा प्लेअर सीडी सरळ परत करतो. ही डेटा सीडी आहे. त्यावर एमपी३ फाइली जशाच्या तशा उतरवल्या आहेत आणि प्लेअरला फाइल म्हणजे काय हेच माहीत नाही. त्याला हवा असतो तो सलग आवाज: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. बाकी काही नाही. याला ऑडिओ सीडी म्हणतात, आणि बर्न करण्याआधी सॉफ्टवेअरला तसं स्पष्ट सांगावं लागतं.

विंडोज इथे चकवतं. कोरी सीडी घातली की ते विचारतं, ही डिस्क कशी वापरायची आहे: यूएसबी ड्राइव्हसारखी, की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत? दुसरा पर्याय वाचून कोणालाही वाटेल की आपल्याला हाच हवा. पण त्यानेही फाइलीच उतरतात, म्हणजे डेटा सीडीच तयार होते, फक्त जास्त उपकरणांना वाचता येणारी. एमपी३ वाचणाऱ्या प्लेअरला ती चालेल, माझ्या जुन्या प्लेअरला नाही. विंडोज मीडिया प्लेअरच्या बर्न टॅबमध्ये जाऊन ‘ऑडिओ सीडी’ वेगळी निवडावी लागते. लिनक्सवर के३बी या सॉफ्टवेअरमध्ये नवा ऑडिओ सीडी प्रकल्प उघडायचा, विंडोजवर इमेजबर्न वापरत असाल तर आधी क्यू फाइल (गाण्यांचा क्रम सांगणारी यादी) बनवायची.

तयार सीडी कुठल्या जातीची आहे ते ओळखायची खूण सोपी आहे. विंडोजमध्ये ती उघडून बघा. गाण्यांची नावं आणि एमपी३ फाइली दिसल्या तर डेटा. ‘ट्रॅक०१ डॉट सीडीए’ अशा ओळीने फाइली दिसल्या आणि प्रत्येकीचा आकार अवघा ४४ बाइट असला तर ऑडिओ. त्या खऱ्या फाइली नव्हेतच, विंडोजने अनुक्रमणिकेवरून दाखवलेल्या नुसत्या खुणा आहेत. दुसरी खूण वेळेची. ऑडिओ सीडीवर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा जाते, त्यामुळे ८० मिनिटांच्या वर काही मावत नाही. एका सीडीवर शंभर गाणी बसली असतील तर ती प्लेअरसाठी नाहीच. आणि एमपी३ ची ऑडिओ सीडी केल्याने तिचा दर्जा वाढत नाही. एमपी३ बनताना आवाजातलं जे काढून टाकलं गेलं आहे ते परत येत नाही. पूर्ण दर्जाची मूळ फ्लॅक किंवा वेव्ह फाइल असेल तर तीच द्यावी.

इथवर सगळं बरोबर, गाण्यांची संख्या बरोबर, वेळ बरोबर, तरीही गाणं अडकतं, उड्या मारतं, टिकटिकतं. या टप्प्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. आता मी फक्त एक प्रश्न विचारते: दर वेळी त्याच जागी अडकतं का? त्याच जागी अडकत असेल तर दोष सीडीत. वेगवेगळ्या जागी अडकत असेल तर संशय प्लेअरवर. आणि पहिली गाणी स्वच्छ, शेवटची दोन-तीन खराब असं असेल तर सीडीची बाहेरची कड त्याला झेपत नाही. तिथे सीडीचा किंचित वाकडेपणाही जास्त जाणवतो आणि रायटरचा वेगही बहुधा तिथेच सर्वाधिक असतो. उपाय साधा आहे: सीडी काठोकाठ भरू नका. मी सत्तर मिनिटांच्या आसपास थांबते. ९० आणि ९९ मिनिटांच्या सीडीही मिळतात, त्या मानकाबाहेरच्या आहेत. जुन्या प्लेअरसाठी घेऊ नयेत.

वेगाबद्दल खूप ऐकायला मिळतं की जेवढा कमी तेवढं चांगलं. हे अर्धंच खरं आहे. ५२ एक्सला, म्हणजे वाजायच्या वेगाच्या ५२ पटीने, बर्न केलेल्या सीडी माझ्या प्लेअरला आवडत नाहीत हे वारंवार दिसलं. घाईत पडलेल्या खुणांच्या कडा नेमक्या नसतात आणि जुन्या प्लेअरला तेवढी चूक सांभाळता येत नाही. पण आजच्या सीडींचा रंगथर, म्हणजे लेसर ज्यावर खुणा पाडतो तो थर, जलद लिहिण्यासाठीच बनवलेला असतो. त्यावर अगदी मंद वेगाने लिहिलं तर लेसर एका जागी गरजेपेक्षा जास्त वेळ तापतो. कित्येक रायटर तर तेवढा कमी वेग देतच नाहीत. मी १६ एक्सवर स्थिरावले आहे. ८० मिनिटांची सीडी पाच-सहा मिनिटांत होते. याहून खाली जाऊन मला काही मिळालं नाही.

रायटर यूएसबीवर चालत असेल तर आणखी एक गोष्ट बघा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, आणि लिहिताना ड्राइव्हला कधीकधी त्याहून जास्त लागतं. हबमधून जोडलेला असताना माझा रायटर मध्येच मान टाकायचा. थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावल्यापासून ती कटकट बंद झाली.

सीडीच्या दोन बाजूंबद्दल लोकांचा जो समज असतो, तो वापराने उलटा झाला. आपण जपतो खालची बाजू. पण तिथे लेसर आणि माहिती यांच्यामध्ये १.२ मिलिमीटरचं पॉलिकार्बोनेट आहे; बारीक ओरखडे लेसरच्या फोकसबाहेर राहतात आणि उरलेली चूक दुरुस्त करायची सोय सीडीच्या रचनेतच आहे. नाजूक आहे ती वरची, नाव लिहायची बाजू. तिथे रंगथर आणि धातूचा पातळ पत्रा फक्त लॅकरच्या (वार्निशसारख्या लेपाच्या) एका थराखाली असतात. बॉलपेनने दाबून लिहिलं तर खालची गाणी जातात. सीडी दिव्यासमोर धरून बघा: टाचणीच्या टोकाएवढा प्रकाशाचा ठिपका आरपार दिसला तर धातू तिथून उडाला आहे आणि ती जागा आता कुठल्याही पॉलिशने भरून येणार नाही. म्हणून लिहायचं तर मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारलेल्या शाईच्या मार्करने, आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. कागदी गोल लेबलं अजिबात नकोत. जरा तिरपं बसलं की सीडी फिरताना डगमगते, आणि काही महिन्यांनी कड सुटली तर ते प्लेअरच्या आत अडकतं. खालची बाजू पुसायची तर मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसताना पडलेला ओरखडा मागाच्या दिशेने धावतो आणि तोच दुरुस्तीला जड जातो.

कोऱ्या सीडींच्या बाबतीत नावावर फार जाऊ नका. वेष्टणावरचं नाव एकाचं आणि बनवणारा दुसराच, हे सर्रास आहे. जाणकार ज्या जपानी तायो युदेनच्या सीडी आवर्जून शोधायचे, ती कंपनीही २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. ‘म्युझिक’ असं छापलेल्या सीडींमध्येही वेगळा दर्जा नसतो. त्या घरगुती ऑडिओ रेकॉर्डरसाठी असतात, कॉम्प्युटरच्या रायटरला दोन्ही सारख्याच. छोटी पाकिटं घेऊन आपल्या प्लेअरला काय मानवतं ते बघावं आणि मग गठ्ठा घ्यावा. सीडी उन्हात ठेवू नयेत, रंगथर फिका पडतो.

लेन्स मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. छापलेल्या सीडीही अडकायला लागल्या असतील तरच तिच्याकडे वळा: प्लेअरची वायर काढून, मऊ काडीला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अगदी हलक्या हाताने, कारण ती बारीक स्प्रिंगांवर तरंगती असते. याउलट छापलेल्या चालतात पण बर्न केलेल्या सगळ्याच अडकतात, अशी अवस्था असेल तर बहुधा लेसर थकत आला आहे. छापलेल्या सीडीकडून सिग्नल ठसठशीत येतो म्हणून ती आणखी काही काळ निभावून नेते.

न वाजण्याचा दोष नव्हे, पण खटकणारी एक गोष्ट राहिली: थेट मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची खिंडारं पडतात, टाळ्या मध्येच तुटतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रॅक ॲट वन्स’ (एकेक गाणं वेगळं लिहिणं) ऐवजी ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा आणि मधली फट शून्य करा. लेसर न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहितो, आणि सीडी आपोआप बंदही होते. मी आता सगळ्याच सीडी अशा बर्न करते.

चांगला चालू प्लेअर घरात असेल आणि पूर्ण दर्जाच्या फाइली जवळ असतील, तर रायटर जरूर घ्या. फक्त भरपूर एमपी३ ऐकायचे असतील तर यात पडू नका, त्यासाठी पेन ड्राइव्ह घेणारा प्लेअर बरा.