१० स्टॉपचा म्हणून घेतलेला एनडी फिल्टर : आठ महिन्यांनंतर

एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढे लावायची काळी काच. उजेड अडवते, म्हणून फोटोला जास्त वेळ देता येतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. नोव्हेंबरात हरिहरेश्वरला सकाळी काढलेले सगळे फोटो काळे आले, तेव्हाच हे लिहायला बसलो होतो. लिहिलं नाही ते बरं झालं, नाहीतर सगळा दोष फिल्टरच्या माथी गेला असता.

प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकात ट्रायपॉड लावला होता. अपर्चर प्रायॉरिटी (म्हणजे वेळ कॅमेरा ठरवतो), एफ ११, आयएसओ १००. फिल्टर नसताना कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर १/६० सेकंद दाखवत होता. १० स्टॉप म्हणजे गुणिले १०२४, साधारण १७ सेकंद. फिल्टर लावल्यावर कॅमेऱ्याने दिले फक्त ३! अठराशे रुपये मोजलेत, झाडाला लागलेले नाहीत. दुकानदाराशी फोनवर भांडलो. त्याचं एकच पालुपद, "साहेब, तुमचं सेटिंग चुकतंय."

घरी येऊन पाहतो तर आदल्या संध्याकाळचे फोटो ठीक होते. काळे फक्त सकाळचे. तिथे उलगडा झाला. आपल्या किनाऱ्यावर सकाळी समुद्राकडे कॅमेरा लावला की ऊन पाठीमागून येतं, आणि ट्रायपॉडवर डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे मागच्या बघायच्या खिडकीला, लावलेला नसतो. डीएसएलआरचा (आरशाच्या कॅमेऱ्याचा) मीटर वर, त्या खिडकीच्या प्रिझमपाशी. पुढून हजारावा हिस्सा उजेड, मागच्या खिडकीतून सरळ ऊन. मीटर फसतो आणि वेळ कमी देतो. कॅननच्या गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर रबरी झाकण असतं ना, ते त्यासाठीच. डोळ्याकडचा रबर काढून ते बसवलं आणि सकाळचे फोटोही सुधारले. मिररलेसवाल्यांना (आरसा नसलेले कॅमेरे) ही कटकट नाही, तिथे सेन्सरच उजेड मोजतो.

म्हणजे दुकानदार खरा? अर्धाच. जानेवारीत भंडारदऱ्याला मीटरच्या भरवशावर न राहता फिल्टरशिवाय मोजलं, गुणाकार केला, मॅन्युअलवर, वेळ स्वतः ठरवून, फोटो काढले. सगळे काळपट, आणि सगळे सारखेच काळपट. मग ढगाळ दुपारी घरासमोरच्या भिंतीवर कॅमेरा रोखला. फिल्टरशिवाय १/१२५. फिल्टर लावून ८ सेकंद दिले तर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) डावीकडे, अंधाराकडे घसरलेला. १६ सेकंद दिले तेव्हा पहिल्या जागी आला. तीनदा करून पाहिलं. डबीवर १० लिहिलंय, काच ११ स्टॉपची आहे.

दुकानातून उत्तर आलं, दहा टक्के फरक चालतो. अहो, एक स्टॉप म्हणजे दहा टक्के नव्हे, दुप्पट! मिनिटाचा फोटो दोन मिनिटांचा होतो. सूर्य टेकलेला असताना तेवढ्यात उजेड उतरतो, आणि पुन्हा काढायला वेळ उरत नाही. जास्त दाट काच विकल्याबद्दल माझी तक्रार नाही. छापलेला आकडा खोटा आहे, ही तक्रार आहे, आणि ती आजही कायम आहे.

बाकी काच स्वच्छ, आटे अजून अडकत नाहीत. रंग थोडा तपकिरी येतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढला तर नंतर व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगाची छटा दुरुस्त करून, जातो.

फिल्टर ठेवलाय. डबीवर पट्टी चिकटवून ११ लिहिलंय, गुणिले २०४८. गेल्या रविवारी धबधब्यावर त्याच हिशोबाने १/१२५ चे १६ सेकंद दिले, पहिलाच फोटो बरोबर आला. नवीन घेणाऱ्यांनी भिंतीची चाचणी परताव्याची मुदत असतानाच करा. माझी तोवर संपली होती.