स्टॅटकम्पायलर : तपासणीला न आलेल्या बायका शोधताना

माता-आरोग्य कार्यक्रमांच्या नोंदवह्या तपासणं हे माझं काम. वहीत वय असतं, शिक्षण असतं, कितवं बाळंतपण तेही असतं. पण हे सगळं तपासणीला आलेल्या बायकांचं. 'आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका गरीब घरच्या आहेत' असं कुणी सांगितलं की मी विचारते, त्या भागात गरीब घरच्या बायका आहेत किती? त्याचं उत्तर वहीत नसतं. म्हणून मी स्टॅटकम्पायलर वापरते. डीएचएस प्रोग्राम, म्हणजे अनेक देशांत लोकसंख्या आणि आरोग्याची सर्वेक्षणं करणारा कार्यक्रम, त्याचं हे ऑनलाइन तक्ते काढायचं साधन.

१९८४ पासून ९० हून जास्त देशांत घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणांचे आकडे इथे मिळतात. फुकट, आणि नोंदणीशिवाय. देश निवडा, 'गरोदरपणात किमान चार तपासण्या' यासारखा निर्देशक निवडा आणि आईचं शिक्षण, शहर-खेडं किंवा घरची आर्थिक स्थिती यानुसार त्याची फोड मागा. देशाची सरासरी बरी दिसते, आणि त्याच तक्त्यात शाळेत न गेलेल्या आयांचा आकडा बराच खाली असतो, असं अनेक देशांत दिसतं. बैठकीत मी सरासरी बाजूला ठेवून तो आकडा आधी दाखवते.

आर्थिक स्थिती ठरवण्याची पद्धत मला पटते. उत्पन्न विचारत नाहीत. घरातली जमीन कशाची आहे, पाणी कुठून येतं, संडास कसला आहे, रेडिओ, फ्रिज, सायकल आहे का, हे विचारतात. त्यावरून गुण काढून लोकसंख्येचे पाच समान भाग पाडतात. मात्र हे भाग त्या त्या देशापुरते असतात, त्यामुळे एका देशातले 'सर्वांत गरीब' दुसऱ्या देशातल्यांशी ताडून पाहू नयेत. शहरातल्या दाटीच्या वस्तीतही वीज आणि टीव्ही असतात, म्हणून तिथल्या गरीब बायका पुष्कळदा वरच्या गटात मोजल्या जातात. हे माहीत नसेल तर निष्कर्ष चुकतो.

तक्त्यात एका वेळी एकच फोड मिळते. वय कमी, शाळा नाही आणि राहणं खेड्यात, अशी तिन्ही बाजूंनी अडलेली बाई त्यात दिसत नाही. तिच्यासाठी मूळ डेटा मागवावा लागतो. तोही फुकट मिळतो, पण कशासाठी हवा ते लिहून द्यावं लागतं आणि हाताशी स्टाटा किंवा आर ही आकडेवारीची सॉफ्टवेअरं येणारं माणूस लागतं.

मला सर्वांत जास्त टोचणारी मर्यादा वेगळीच आहे. मुलाखत १५ ते ४९ वयाच्या, हयात बायकांची होते. बाळंतपणात दगावलेली बाई किती वेळा तपासणीला गेली होती, हे कोण सांगणार? काही सर्वेक्षणांत सख्ख्या बहिणींबद्दल विचारतात : कोण वारली, कितव्या वर्षी, गरोदर असताना, बाळंतपणात की त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. त्यातून मातामृत्यूचा देशपातळीवरचा अंदाज निघतो. पण गेलेल्या बहिणीचं शिक्षण किंवा तिच्या घरची परिस्थिती त्या नेहमीच्या प्रश्नांत नाही. म्हणजे कुठल्या थरातल्या बायका मरतात, या प्रश्नापाशी हे साधन थांबतं.

तरीही कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकीनं ते वापरावं, असं माझं ठाम मत आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारनं या सर्वेक्षणांचा निधी थांबवला. म्हणून लागणारे तक्ते आताच उतरवून ठेवा. सर्वेक्षणाचं वर्ष आणि तक्त्याखालची टीप सोबत जपा. जुन्या सर्वेक्षणांतले तपासणीचे आकडे बहुधा मागच्या पाच वर्षांतल्या बाळंतपणांचे असतात, नव्यांतले दोन वर्षांतल्या.