धबधब्याचं बनावट तिकीट आणि मागून आलेला ‘रिफंड’चा फोन

धबधब्यांच्या उद्यानात सहकुटुंब जायचा बेत असेल आणि तिकिटं ऑनलाइन काढणार असाल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा.

उद्यानाचं नाव सर्च केलं की सगळ्यात वर एक साइट येत होती. बाजूला बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’, म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात. आत उद्यानाचा लोगो, फेसाळते धबधबे, वेळेचे स्लॉट आणि ‘शेवटची काही तिकिटं शिल्लक’ म्हणत उलटं धावणारं घड्याळ. (पान रिफ्रेश केलं की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू!) पत्त्यात उद्यानाचं नाव होतं, पण पुढे ‘तिकिट्स’ चिकटवलेलं, असं नाव कुणीही विकत घेऊ शकतं. कुलपाचं चिन्हही होतं. त्याचा अर्थ एवढाच की माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. पलीकडे चोर बसलाय का, हे कुलूप सांगत नाही. सगळ्यांची नावं, वयं, माझा फोन नंबर भरला, कार्डावरून पैसे गेले आणि क्यूआर कोडवालं झकास तिकीट आलं.

फाटकावरच्या मशीनने तो कोड घेतलाच नाही. तिथल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन करून स्क्रीन माझ्यापुढे धरली. माझं नाव आणि तारीख, बाकी काही नाही. असा कोड कुणालाही फुकटात बनवता येतो. उद्यानाच्या यादीत बुकिंग सापडलं तरच तो खरा. गंमत म्हणजे धाकटीच्या वयाला तिथे तिकीटच नव्हतं, तरी आमच्याकडून घेतलेलं. सासूबाई म्हणाल्या, “मेल्यांनी निदान नियम तरी वाचायचे!” त्या दिवसाचे स्लॉट भरलेले. पोरांना धबधब्याचा नुसता आवाज ऐकवून परत फिरलो. कार्ड मात्र तिथूनच ब्लॉक केलं.

खरी गोष्ट पुढे आहे. पुढच्याच आठवड्यात फोन. “उद्यानाच्या तिकीट विभागातून बोलतोय. तुमची फसवणूक झाल्याचं कळलं, पैसे परत करायचेत.” अतिशय अदबीने बोलत होता. बुकिंग नंबर, तारीख, धाकटीचं वयसुद्धा अचूक सांगितलं. मग म्हणाला, एक ॲप घ्या आणि त्यात दिसणारा कोड मला वाचून दाखवा.

ह्यांनी हळूच विचारलं, “याला नंबर दिला कुणी?” फाटकावर आम्ही नाव-नंबर काहीच नोंदवलं नव्हतं. ही माहिती फक्त त्या बनावट साइटकडे होती. म्हणजे लुटणारा आणि भरपाई द्यायला आलेला एकच!

ते ॲप तुमची स्क्रीन त्याला दाखवतं. बँकेचा ओटीपी आला की तुमच्याबरोबर तोही वाचतो. कार्डाचा खरा रिफंड त्याच खात्यावर आपोआप जमा होतो. त्याला ओटीपी, पिन, ॲप काही लागत नाही.

तिकिटं काढायची तर उद्यान ज्या सरकारी खात्याच्या ताब्यात आहे, त्या खात्याच्या साइटवरून पुढे जा. सर्चमधल्या जाहिरातीवरून नको. पैसे गेलेच असतील तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध लेखी तक्रार लगेच करा, त्याला मुदत असते. आम्ही ईमेल, साइटचे स्क्रीनशॉट आणि ‘हे तिकीट आमचं नाही’ असं उद्यानाच्या कार्यालयाकडून मागाहून लिहून घेतलेलं पत्र जोडलं. दावा अजून बँकेकडे आहे. फोनही अधूनमधून येतात. हल्ली तो स्वतःला बँकेचा माणूस म्हणवतो.