वेर्ण्याची टेस्ट लाइन की किनाऱ्यावरची सर्व्हिस?

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हातात पडली की गोव्यात घरचे पहिला सल्ला सरकारी जागेचा देतात. जाहिरात निघाली की अर्ज जरूर भरा, पण तिची वाट बघत घरी बसू नका. चिप डिझाइनचंच वेड असेल तर बंगळूर किंवा पुणं गाठा. गोव्यातच राहायचं असेल तर मात्र बहुतेकांपुढे दोन वाटा येतात: कारखान्यातली चाचणी किंवा फिरतीची सर्व्हिस, म्हणजे जागेवर जाऊन यंत्रं दुरुस्त करणं.

आधी कारखाना. टीबीच्या तपासणीचं ट्रूनॅट यंत्र वेर्णा औद्योगिक वसाहतीत बनतं, हे गोव्यातल्याही अनेकांच्या गावी नसतं. अशा ठिकाणी नवा इंजिनिअर शिकतो ती शिस्त. सुटे भाग बोर्डला जोडणाऱ्या सोल्डर पेस्टचा डबा फ्रिजमधून काढला की काही तास तसाच ठेवायचा. घाईने उघडला तर हवेतलं बाष्प पेस्टवर धरतं आणि रिफ्लो ओव्हनमध्ये, म्हणजे पेस्ट वितळवणाऱ्या भट्टीत, सोल्डरचे बारीक गोळे उडतात. ओलाव्याला नाजूक आयसींचा (चिपांचा) तर हिशेबच ठेवावा लागतो. ओलाव्याच्या नाजूकपणाच्या लेव्हल 3 चं पाकीट फोडलं की 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत 168 तासांत ते भाग बोर्डवर लागले पाहिजेत; मुदत उलटली तर आधी बेकिंग, म्हणजे तापवून ओल घालवणं. बेकिंग न करता ओव्हनमध्ये गेले तर आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि आयसी लाहीसारखी तडकते. जुलैतल्या गोव्याच्या हवेत हा नियम कागदावरचा राहत नाही. डीह्युमिडिफायर बंद पडला की सगळ्या लाइनची धावपळ उडते.

खोट एकच, पण मोठी: तेच बोर्ड, तोच फिक्स्चर (चाचणीसाठी बोर्ड बसवायचा साचा), तेच पास-फेल. दीड-दोन वर्षांत हात बसतो आणि डोकं झोपायला लागतं. पीएफ, कंपनीची बस, ठरलेली सुट्टी हे सगळं मिळतं. पण सत्तरी-पेडण्याहून येणाऱ्याचा दिवस शिफ्टपेक्षा बराच लांब असतो. नव्या जुवारी पुलामुळे त्रास कमी झाला एवढंच.

सर्व्हिसमध्ये उलट. आज हॉटेलच्या लिफ्टचा ड्राइव्ह, उद्या इस्पितळातला मॉनिटर, परवा ट्रॉलरवरचा इकोसाउंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याची खोली मोजणारं यंत्र. किनाऱ्यावरच्या यंत्राचं झाकण उघडलं की पुष्कळदा दोष मीटर लावण्याआधीच दिसतो: कनेक्टरच्या पिना हिरवट, रिलेचे पाय काळे. खारी हवा तांबं खाते. ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ केलं की यंत्र चालू होतं, पण ओल रोखणारं कोटिंग न करता परत बसवलं तर पुढच्या पावसाळ्यात फोन आलाच म्हणून समजा. त्यात विजा. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागणं मुळात कठीण, त्यामुळे मान्सूनच्या आधी-नंतर सर्ज, म्हणजे विजेच्या दाबाचा झटका, खाल्लेली सर्किट कार्डं येतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रॉलरवाल्यांची कामं निघतात. हॉटेलवालेही मोठी दुरुस्ती पावसाळ्यातच काढतात. म्हणजे भर पावसात दुचाकीवर तुम्हीच.

पहिल्या पगाराच्या आकड्यावरून निर्णय करू नका. सर्व्हिसवाल्याला वर पेट्रोल भत्ता मिळतो, तो बऱ्याचदा खरोखर पेट्रोलमध्येच जातो.

माझं मत विचाराल तर आधी दोन वर्षं लाइन, मग फील्ड. उलट क्रमाने गेलेल्याला अडचण येते, कारण फील्डवर 'चालू झालं ना, मग झालं' ही सवय लागते आणि ती सुटत नाही. ज्याने बेकिंगची नोंदवही भरली आहे, तो हॉटेलच्या पंपघरातही कार्ड बसवण्याआधी ओल कुठून येते ते बघतो. अपवाद एकच: चार भिंतींत ज्याचा जीव घुसमटतो त्याने सरळ फील्ड धरावं, उगाच दोन वर्षं काढू नयेत.

दोन्हीकडे मुलाखतीत एकेक प्रश्न मात्र विचाराच. कारखान्यात: फिक्स्चर आणि टेस्ट प्रोग्राम तुमचे लोक बनवतात की बाहेरून येतात? बाहेरून येत असतील तर तुम्ही बटण दाबायलाच बसणार. सर्व्हिसमध्ये: कार्ड दुरुस्त करता की नुसतं बदलता? नुसतं बदलत असतील, तर ती कुरिअरची नोकरी झाली.